कोरड्या बाटलीचे सत्तावीस दिवस

३ जुलै

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा शोध कॉम्प्रेसरला बसवला. पुढेमागे ही वही कुणीतरी वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एकोणपन्नास वर्षांचा. बावीस वर्षं साबणाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, वायसर, पट्टे, सगळं जागच्या जागी. गेल्या महिन्यात राजीनामा दिला. कारखान्याचे मालक भले गृहस्थ. म्हणाले, "दहा ऑगस्टपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. तोवर डोकं ठिकाणावर आलं तर या." बायको म्हणाली, "महिनाभर बघू." म्हणजे दहा ऑगस्टच्या आत यंत्र पास झालं तर मी संशोधक, नाहीतर पुन्हा वायसर.

माझी प्रयोगशाळा म्हणजे सासरेबुवांचं गाड्या रंगवायचं दुकान. आम्ही त्याच्याच वरच्या मजल्यावर राहतो. खाली सासरेबुवा, एक पेंटर आणि दर्शनी भागात शिलाई मशीन मांडून गाड्यांची सीट-कव्हरं शिवणारी माझी बायको. रंग उडवायला दाबाची हवा लागते, ती कॉम्प्रेसरच्या टाकीत साठते. हवा दाबली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि टाकीच्या बुडाशी साचतं. ते वेळेवर सोडलं नाही तर हवेबरोबर रंगाच्या गनमध्ये येतं, आणि गाडीच्या दारावर गोवर आल्यासारखे फोड उठतात. म्हणून टाकीच्या बुडाला एक कॉक असतो. रोज कुणीतरी वाकायचं, कॉक उघडायचा, फस्स करून पाणी जाऊ द्यायचं. सगळीकडे माणसं हेच करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

माझं यंत्र हे काम आपलं आपण करतं. पितळी डबा, त्यात फ्लशच्या टाकीत असतो तसा तरंगणारा गोळा. पाणी चार बोटं चढलं की गोळा वर जातो, खालचं भोक उघडतं आणि पाणी नळीतून काचेच्या बाटलीत पडतं. पाणी गेलं की गोळा खाली आणि भोक बंद. नाव ठेवलं आहे 'स्वयंचलित जलनिःसारक'. सासरेबुवा 'डबा' म्हणतात.

कॉकवर मी पाटी अडकवली: 'हात लावू नये.' सासरेबुवांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "जावईबापू, तीस वर्षं माझा क्रम ठरलेला आहे. आधी शटर, मग कॉक, मग चहा."

"बाबा, आजपासून नुसतं शटर आणि चहा."

"बरं," म्हणाले. इतक्या सहज मानतील असं वाटलं नव्हतं.

४ जुलै

बाटली कोरडी. दोन दारं आणि एक बॉनेट रंगवलं, एकही फोड नाही. तक्त्यात लिहिलं: पाणी शून्य, रंग स्वच्छ.

६ जुलै

बाटली कोरडी. रंग स्वच्छ.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मी धास्तावलो होतो. बाटलीत पाणी यायला हवं होतं. पण पाणी आलं नाही तर रंगाला फोड यायला हवे होते. तेही नाहीत. म्हणजे यंत्र काहीतरी करतं आहे, एवढं नक्की. काय करतं आहे ते शोधायला हवं. रोज सकाळी साडेनऊपर्यंत वर बसून विचार करायचा आणि मगच खाली जायचं, असं ठरवलं आहे.

एक खाजगी गोष्ट. सकाळी खाली गेलो की सासरेबुवांच्या पायजम्याचा डावा पाय घोट्यापर्यंत ओला असतो. तीन दिवस पाहतो आहे. वय बहात्तर. मी काही बोललो नाही.

१० जुलै

सापडलं!

मी यंत्र केलं ते पाणी बाहेर काढायला. पण ते त्याच्याही पुढे गेलं आहे. ते पाणी होऊच देत नाही! पितळेचा थंडावा, गोळ्याचा आकार आणि आतल्या हवेचं फिरणं यांच्या मेळाने ओलावा हवेतच धरून ठेवला जातो. म्हणून बाटली कोरडी. आता 'जलनिःसारक' हे नाव जुनं झालं. 'जलप्रतिबंधक' म्हणावं लागेल.

बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती दोरा ओवत होती. म्हणाली, "म्हणजे बाटलीत काहीच आलं नाही म्हणून ते चालतंय?"

"बरोबर!"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अशा नजरेने तिने माझ्याकडे लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल. मला भरून आलं.

११ जुलै

बाटली कोरडी. रोज चारला बायको खाली चहा आणते आणि मला हटकून वर पाठवते. कधी कात्री राहिली, कधी चष्मा राहिला. विसराळू होत चालली आहे. मी खाली येईपर्यंत चहा अर्धा गार होतो. मागच्या दाराजवळची तिची कोरफड काळी पडत चालली आहे. ती मगाने पाणी घालताना आज दिसली. त्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. म्हटलं, "तो मग धूत जा." ती म्हणाली, "हो हो."

१२ जुलै

पेंटरबद्दल लिहायचं राहिलं. आम्ही त्याला 'दुसराहात' म्हणतो, कारण कुठलीही चूक दाखवली की त्याचं उत्तर एकच, "साहेब, दुसरा हात मारला की दिसणार नाही." तर हा दुसराहात आज एक वाजता, डबा खायच्या आधी, कॉम्प्रेसरसमोर गुडघे टेकून बसलेला दिसला. मान खाली, डोळे मिटलेले. फस्स असा श्वासही सोडला. मला पाहून दचकला आणि उठला.

मी न पाहिल्यासारखं केलं. साध्या माणसाला यंत्राबद्दल एवढा आदर वाटावा! ज्याच्या त्याच्या भावनेचा मान राखावा.

१३ जुलै

आज धीर करून सासरेबुवांशी बोललो. त्यांना बाजूला घेतलं आणि आडवळणाने सुरुवात केली. म्हटलं, "बाबा, या वयात काही गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत. त्यात लाजायचं काही नाही." ते म्हणाले, "कशात?" मी डाव्या पायजम्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग माझ्याकडे. मग कॉम्प्रेसरकडे. चेहरा लालबुंद झाला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हो," म्हणाले. "वय झालं आता."

बिचारे! औषधाच्या दुकानातून एक काढा आणून दिला. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. भयंकर कडू असतो म्हणे. माझ्यासमोर त्यांनी पहिले दोन चमचे घेतले. डोळ्यांतून पाणी आलं, पण हूं की चूं केलं नाही.

१८ जुलै

बाटली कोरडी. सिद्धांत अकरा पानांचा झाला. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला पत्र टाकलं आहे: 'येऊन पाहावे. न पाहिल्यास नुकसान आपलेच.' शेवटचं वाक्य बायकोने खोडायला सांगितलं होतं. मी खोडलं नाही.

२५ जुलै

कंपनीचं उत्तर आलं! तीन ऑगस्टला त्यांची इंजिनिअर येणार. महिनाभराचा तक्ता सही करून तयार ठेवा म्हणाले. पत्र मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासरेबुवांना ठसका लागला. पेंटरच्या हातून पत्र्याचा डबा पडला. बायको म्हणाली, "इतक्या लवकर?" माझ्या यशाचं या तिघांनाच एवढं दडपण आलं, हे पाहून गंमत वाटली.

२ ऑगस्ट

सत्तावीस कामाचे दिवस, सत्तावीस शून्यं. आज कागदावर ती ओळीने पाहिली आणि उगाच शंका आली. समजा यंत्र काहीच करत नसेल तर? मग पाणी जातं कुठे? हा प्रश्न मी स्वतःला तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा माझ्या सिद्धांताचं पान आठ वाचून शांत झालो.

३ ऑगस्ट

इंजिनिअर बाई आल्या. तिशीच्या असतील. पायात जाड बूट, बोलणं मोजकं. अकराही पानं त्यांनी उभ्यानेच वाचली.

"बाटली एकदाही भरली नाही?"

"एकदाही नाही."

"मग पाणी कुठे गेलं?"

"झालंच नाही."

त्यांनी पान आठ परत काढलं. मग खाली वाकून कॉम्प्रेसरखालची फरशी पाहिली. ती ओली होती. बोट लावून वास घेतला. मग आमच्या तिघांकडे, म्हणजे माझ्यामागे उभ्या असलेल्या तिघांकडे, आळीपाळीने पाहिलं. पिशवीतून बारीक तार काढली, कॉकच्या दांड्यातून ओवली आणि शिशाचं सील दाबून टाकलं.

"परवा संध्याकाळी येते. तोवर रोजच्यासारखं काम चालू द्या. हे सील तुटलेलं दिसलं तर चाचणी रद्द."

मी म्हटलं, "आनंदाने."

त्या गेल्यावर पंधरा मिनिटांत तिघंही एकेकटे माझ्याकडे येऊन गेले. सासरेबुवांनी विचारलं, "ते सील जरा सैल नाही वाटत?" पेंटर म्हणाला, दोन दिवस सुट्टी पाहिजे, मावशी आजारी आहे. म्हटलं, "तुला मावशी आहे?" म्हणाला, "आजारी आहे." बायको म्हणाली, "अहो, वीज नव्हती म्हणून सांगू या का? कामच बंद ठेवू दोन दिवस." घरात एकाचाही विज्ञानावर विश्वास नाही! मी रागावून वर निघून आलो.

४ ऑगस्ट

सर्वनाश.

तीन वाजून दहा मिनिटांनी पेंटर एका टेम्पोचं दार रंगवत होता. मी यंत्राजवळ उभा होतो. अचानक डब्यात टक् असा आवाज झाला, नळी थरथरली आणि बाटलीत गढूळ पाणी पडलं. अर्धी बाटली भरली!

पाणी! सिद्धांतानुसार जे असूच शकत नाही ते पाणी. पान आठपासून पुढे सगळं खोटं. खुर्ची डोळ्यांसमोर आली. तिच्या उजव्या हाताचा रेक्झिन फाटलेला आहे, तो मी बावीस वर्षं नखाने सोलला.

आता जे केलं ते लिहितो, कारण या वहीशी खोटं बोलायचं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, बाटली शर्टाखाली घेतली, मागच्या दाराने जाऊन गटारात ओतली आणि पुसून जागेवर ठेवली. पाच वाजता पुन्हा भरली. पुन्हा ओतली. माझ्यासारख्या माणसाने हे करावं!

५ ऑगस्ट

एवढं सगळं एका दिवसात कसं मावलं कोण जाणे.

सकाळी लवकर खाली गेलो. कॉम्प्रेसर चालू करून पाहिला, तर तासाभरात बाटली गळ्यापर्यंत. ती घेऊन मागच्या दाराशी गेलो तो समोर बायको. तिची नजर बाटलीवर.

"अहो, पाणी!"

"हळू बोल. कुणीतरी ऐकेल."

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, इकडे या! डब्यातून पाणी आलं!"

मला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. सासरेबुवा धावत आले. खरंच धावत. मागून पेंटर, आजारी मावशीला विसरून. सासरेबुवांनी माझ्या हातातून बाटली घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "जावईबापू, डबा चालतो!"

"चालतो कसला?" मी जवळजवळ रडत म्हटलं. "पाणी आलंय!"

"अहो, मग पाणी काढायलाच केला होता ना तो?"

महिन्यापूर्वी मी तो पाणी काढायलाच केला होता, हे मी साफ विसरलो होतो.

"पण मग सत्तावीस दिवस पाणी कुठे गेलं?"

सासरेबुवांनी खाकरून घसा साफ केला. "पहिल्या दिवशी मी सवयीने कॉक सोडला. शटर झालं, हात आपोआप खाली गेला. मग वाटलं, डबा चालला नाही तर तुमचा हिरमोड होईल. म्हणून रोजच सोडू लागलो. वाकलं की पाय भिजायचा."

"म्हणजे तो पायजमा..."

"तेवीस दिवस काढा प्यायलो मी, जावईबापू. तुमच्यासाठी."

बायको बापाकडे बघतच राहिली. "तुम्ही सोडत होतात? मग मी कशाला रोज चारला सोडत होते? माझी कोरफड मेली त्या पाण्याने!" आणि पेंटर मान खाली घालून म्हणाला, "मी जेवायच्या आधी. रंगाला फोड आले असते तर साहेबांनी तोंड लपवलं असतं."

मी खाली फरशीवरच बसलो. पाणी चार बोटं चढल्याशिवाय गोळा हलत नाही. दिवसातून तीनदा तिघं जण त्याच्या तोंडचं पाणी काढून नेत होते. त्याला बिचाऱ्याला काम करायची संधीच मिळाली नव्हती. मला यांचा भयंकर राग यायला हवा होता. आला नाही. उलट, कुणी माझ्यासाठी इतकं वाकलेलं मला आठवत नाही. डोळे पुसले, आणि कारण म्हणून सर्दी झाल्याचं सांगितलं.

संध्याकाळी बाई आल्या. सील शाबूत. टेम्पोचं दार आरशासारखं. बाटलीत पाणी. त्यांनी डबा उघडून गोळा बोटाने वरखाली केला आणि म्हणाल्या, "साधं आहे. चांगलं आहे. ती अकरा पानं तेवढी कुणाला दाखवू नका." मग म्हणाल्या, "महिन्याच्या तक्त्यावर सही करून द्या. कंपनीला रंगाचा रकाना हवा असतो. तो स्वच्छ असला की पुढचं काम सोपं."

रंगाचा रकाना स्वच्छ होता. सत्तावीसच्या सत्तावीस दिवस. सही केली की मी संशोधक. आणि खरं सांगितलं तर ते दिवस बाद, पुन्हा सील, पुन्हा महिना, म्हणजे पाच सप्टेंबर. खुर्चीची मुदत दहा ऑगस्ट. पेनाचं टोपण मी काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सासरेबुवा छताकडे पाहत होते. बायको माझ्याकडे.

सत्तावीस शून्यांवरून मी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'या काळात पाणी हाताने काढले. सकाळी सासरे, दुपारी पेंटर, चार वाजता पत्नी. यंत्राने काहीही केले नाही.' खाली सही केली.

बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदाच हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत नवी तार ओवली. "एक महिना," म्हणाल्या. "आणि या तिघांना कॉम्प्रेसरपासून चार हात लांब ठेवा."

७ ऑगस्ट

खुर्ची आणखी महिनाभर राखून ठेवता येईल का, हे विचारायला आज कारखान्यात गेलो. स्टोअरच्या दाराशीच थबकलो. खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ बसून वायसर निवडत होते. उजव्या हाताचा रेक्झिन नवा घातला होता.

मालकांकडे गेलो. म्हटलं, "अजून दहा तारीख व्हायची आहे."

ते गोंधळले. "अहो, तुमच्या सौभाग्यवती येऊन सांगून गेल्या की. चौदा जुलैला. म्हणाल्या, ते परत यायचे नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

चौदा जुलै. येताना वाटभर मी तीच तारीख मनात घोळवत होतो. चौदा जुलैला बाटली कोरडी होती. चौदा जुलैला माझी बायको चारला मला वर पाठवून स्वतःच्या हाताने कॉक सोडत होती.

दुकानात आलो तर ती मशीनवर एका बसचं कव्हर शिवत होती. मी समोर स्टूल ओढून बसलो.

"मालकांकडे गेली होतीस?"

"हो."

"चौदा तारखेला तुला वाटत होतं की डबा चालत नाही."

"वाटत कसलं? खात्री होती."

"मग खुर्ची कशाला सोडलीस?"

तिने मशीन थांबवलं. दोरा दाताने तोडला. "बावीस वर्षं तुम्ही संध्याकाळी घरी यायचात. मी विचारायचे, आज काय झालं? तुम्ही म्हणायचात, काही नाही. पुढे पुढे मी विचारायचंच सोडलं. आता चहा गार होतो तरी तुमचं बोलणं संपत नाही. सगळं चुकीचं बोलता, पण बोलता तरी. मला तो खुर्चीवरचा माणूस परत घरात नको होता."

मी स्टुलाच्या कडेचा रंग नखाने सोलत राहिलो. मशीनवर बसचं कव्हर पसरलेलं.

"बोला की," ती म्हणाली.

मग मी तिला खालच्या भोकाविषयी सांगितलं. ते दीड मिलिमीटर आहे, ते दोन केलं तर काय होईल, आणि तीन केलं तर काय. अर्धा तास बोललो. तिने कव्हराची एक अख्खी बाजू शिवून संपवली आणि मध्येच म्हणाली की तीन फार होईल.